पोटातील जन्मजात पुटी आणि कर्करोग

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात जयारोग्य रुग्णालयाचा विस्तीर्ण परिसर आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या या रुग्णालयास त्यांचे वडील जयाजीराव यांचे नाव देण्यात आले. १९४६ साली सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाशी संलग्न असून स्त्रिया व बालके यांच्यासाठी असलेले कमलाराजा रुग्णालयही त्याच समूहात मोडते. शहरातील ‘मांढरे की माता’ या देवस्थानाच्या टेकडीवर कर्करोगाचे रुग्णालय व संशोधन संस्था आहे. त्या टेकडीस लोक आता ‘कॅन्सर पहाडी’ असेच म्हणतात. चंबळच्या खोऱ्यातून व बुंदेलखंडातून रुग्ण येथे येतात, आणि लष्करातील जुन्या मराठी कुटुंबांचा वैद्यकीय आधारही पिढ्यानपिढ्या हाच राहिला आहे.

या प्रदेशास पित्तमार्गाच्या रोगांचा परिचय नवा नाही. गंगा-यमुनेचे खोरे व त्यास लागून असलेला मध्य भारताचा उत्तर भाग येथे पित्ताशयाचा कर्करोग दक्षिणेकडील राज्यांपेक्षा पुष्कळच अधिक प्रमाणात आढळतो, आणि त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. पित्ताशयातील खडे ही तर घरोघरची तक्रार. या मोठ्या व परिचित रोगांच्या सावलीत एक लहानसा, दुर्मिळ, परंतु वेळीच ओळखल्यास पुष्कळ अंशी निवारण करता येण्यासारखा विकार झाकला जातो. तो म्हणजे पित्तनलिकेची जन्मजात पुटी. या पुटीतून पुढे कर्करोग कसा उद्भवतो आणि तो टाळण्यासाठी काय करता येते, हे समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुटी म्हणजे काय?

द्रवाने भरलेल्या पिशवीस वैद्यकात पुटी म्हणतात. दवाखान्यात तिला ‘सिस्ट’ व गावात ‘पाण्याची गाठ’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पोटात अशा पुट्या अनेक प्रकारच्या असतात. जंतांमुळे यकृतात होणारी हायडॅटिड पुटी वेगळी, स्त्रियांच्या बीजकोशात होणारी वेगळी. ह्या पुट्या जन्मजात नव्हेत व त्यांचा येथे विचार नाही. सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिस्ट’ हा शब्द दिसताच कर्करोगाच्या भीतीने हादरून जाणाऱ्या वाचकांनी हे आधी ध्यानात घ्यावे की बहुसंख्य पुट्या निरुपद्रवी असतात.

काही पुट्या मात्र बालक मातेच्या उदरात असतानाच घडणीतील दोषामुळे निर्माण होतात. आतड्याला जोडून असलेली दुहेरी पिशवी, आतड्याच्या पडद्यातील पुटी, बेंबीपासून मूत्राशयापर्यंत गर्भावस्थेत असलेल्या नळीचा अवशेष राहून झालेली पुटी, गुदाशयामागील पुटी असे त्यांचे प्रकार आहेत. बेंबीखालच्या अवशेषात पुढे कर्करोग झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. इतर प्रकारांतही ती क्वचित सापडतात. परंतु कर्करोगाशी ज्या पुटीचे नाते अधिक निकटचे आणि अधिक अभ्यासलेले आहे, ती पित्तनलिकेची पुटी होय. म्हणून यापुढील विवेचन तिच्यापुरतेच ठेवले आहे.

पित्ताचा मार्ग

यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. हे पित्त बारीक नलिकांतून गोळा होऊन मुख्य पित्तनलिकेत येते. काही काळ पित्ताशयात साठते. आणि जेवणानंतर लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उतरते. स्निग्ध पदार्थांचे पचन त्यावर अवलंबून असते. आतड्याच्या ज्या ठिकाणी पित्तनलिका उघडते, जवळजवळ त्याच ठिकाणी स्वादुपिंडाची नलिकाही येऊन मिळते. निरोगी माणसात हा संगम आतड्याच्या भिंतीतच असतो आणि त्याभोवती स्नायूचे एक कडे असते. कालव्यावर जशी झडप असते तसे हे कडे काम करते. एका नलिकेतील रस दुसरीत शिरू न देणे हे त्याचे कार्य.

काही मुलांत हा संगम आतड्याच्या भिंतीबाहेर, बराच आधी होतो. दोन नलिका जेथे मिळतात तेथून आतड्यापर्यंत एक लांब सामाईक नळी राहते, आणि झडप संगमाच्या पलीकडे पडते. स्वादुपिंडाच्या रसाचा दाब पित्ताच्या दाबापेक्षा अधिक असल्यामुळे तो रस उलटा पित्तनलिकेत चढतो. अन्नातील प्रथिने पचविण्यासाठी निर्माण झालेला हा रस नलिकेच्या कोवळ्या अस्तराचाच दाह करतो. भिंत दुबळी होते, फुगते आणि बोरूएवढ्या नलिकेची लिंबाएवढी, क्वचित नारळाएवढी पिशवी बनते. ही उपपत्ती बॅबिट यांनी १९६९ मध्ये मांडली. ती सर्वच पुट्यांना लागू पडते असे नाही. गर्भाच्या सोनोग्राफीत काही पुट्या इतक्या लवकर दिसतात की त्या वेळी स्वादुपिंडाचा रस पुरता तयारही झालेला नसतो. तेव्हा भिंतीची घडणच मुळात सदोष असणे, हेही एक कारण मानले जाते. तथापि कर्करोगाचा प्रश्न समजून घेण्यास बॅबिट यांची उपपत्ती फार उपयोगी पडते.

हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या तिप्पट ते चौपट आढळतो. जपान व पूर्व आशियात तो पाश्चात्य देशांपेक्षा कितीतरी अधिक दिसतो. पाश्चात्य देशांत साधारणपणे लाख-दीड लाख जन्मांत एक, असा अंदाज दिला जातो. याचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन डग्लस यांनी १८५२ मध्ये केले. त्यांची रुग्ण सतरा वर्षांची मुलगी होती. १९७७ मध्ये जपानचे तोदानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पुट्यांचे जे पाच प्रकार ठरविले, तेच आजही जगभर वापरतात. त्यांपैकी यकृताबाहेरील संपूर्ण नलिका फुगलेली असणे हा पहिला प्रकार सर्वांत सामान्य. यकृताच्या आत व बाहेर दोन्हीकडे नलिका फुगलेली असणे हा चौथा. कर्करोगाची भीती या दोन प्रकारांत विशेष असते.

कर्करोग कसा होतो?

पुटीत पित्त साचून राहते. साचलेल्या पित्तात जिवाणू वाढतात, खडे बनतात, पित्तातील आम्लांचे स्वरूप बदलते आणि त्यात स्वादुपिंडाच्या रसाची भर पडते. या सर्वांमुळे पुटीच्या अस्तरावर सतत जखमा होतात आणि त्या सतत भरून येतात. एकच शेत दरवर्षी पुरात वाहून जावे आणि दरवर्षी नव्याने पेरावे लागावे, तसे येथे होते. प्रत्येक नव्या पेरणीत एखादे बी बिघडण्याचा संभव असतो. अस्तरातील पेशी वारंवार नव्याने तयार होताना प्रथम त्यांची संख्या वाढते, मग त्यांचा आकार व मांडणी बिघडते आणि अखेर काही पेशी कोणत्याही नियंत्रणाबाहेर जातात. हीच कर्करोगाची सुरुवात. या क्रियेस सहसा अनेक वर्षे लागतात. म्हणूनच वयाचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

पित्तनलिकेच्या जन्मजात पुटीत कर्करोग झाल्याचे पहिले उदाहरण अर्विन व मॉरिसन यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर अशी उदाहरणे साठत गेली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वयानुसार हिशेब मांडला गेला. पहिल्या दहा वर्षांत ज्यांचा विकार उघडकीस आला त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण शेकडा ०.७, अकरा ते वीस या वयात शेकडा ६.८, आणि विशीनंतर शेकडा १४.३. हे आकडे वाचताना थोडा विवेक ठेवला पाहिजे. नियतकालिकांत प्रसिद्ध होणारे रुग्ण हे बहुधा गंभीर असतात. साध्या रुग्णांची नोंद कोणी छापत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण काहीसे कमी असू शकेल. परंतु चढण कोणत्या दिशेने आहे याबद्दल संशय राहत नाही. आठव्या वर्षी पुटी काढलेल्या मुलीची आणि अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत पुटी बाळगलेल्या स्त्रीची स्थिती सारखी नसते.

हा कर्करोग पुटीच्या भिंतीत किंवा लगतच्या पित्ताशयात होतो. एक गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. नलिकांचा संगम सदोष आहे, परंतु नलिका फुगलेली नाही, अशाही व्यक्ती असतात. त्यांच्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. पित्ताशयाचा कर्करोग जेथे मुळातच अधिक आहे अशा ग्वाल्हेरसारख्या प्रदेशात शल्यचिकित्सकांनी व सोनोग्राफी करणाऱ्यांनी खड्यांचा रुग्ण तपासताना पित्तनलिकेची रुंदी पाहणे व ती लिहून ठेवणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळेल. पित्ताशयात खडे दिसले म्हणजे शोध संपला, असे मानू नये.

लक्षणे आणि त्यांची फसवणूक

पोटदुखी, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली लागणारी गाठ ही या विकाराची तीन लक्षणे पुस्तकांत दिलेली असतात. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत आढळतात. तान्ह्या बाळात बहुधा कावीळ व पांढुरकी शी दिसते. मोठ्या मुलांत दुखणे येऊन जाऊन असते. प्रौढांत केवळ पोटदुखी असते व ती खड्यांची किंवा स्वादुपिंडाच्या सुजेची समजली जाते. गरोदरपणात पोटातील दाब वाढल्याने आजवर मुकी असलेली पुटी प्रथमच त्रास देऊ लागते, असेही घडते. चार-पाच रुग्णांपैकी साधारण एकाचे निदान प्रौढ वयापर्यंत होत नाही.

यातील कावीळ विशेष फसवी आहे. पुटीतील गाळ किंवा खडा नलिकेच्या तोंडाशी अडकला की डोळे पिवळे होतात. तो सरकला की आठवड्या-दोन आठवड्यांत कावीळ आपोआप उतरते. ग्वाल्हेरकडे ‘पीलिया झाडणे’ आणि आपल्याकडे कावीळ उतरविणे किंवा काविळीची माळ घालणे, या प्रथांची प्रतिष्ठा अशाच अनुभवांवर उभी आहे. चुन्याच्या पाण्याने रुग्णाचे हात धुतात, पाणी पिवळे होते आणि रोग निघून गेला असे सांगितले जाते. वस्तुतः झाडणाऱ्याच्या हाताला आधीच लावलेल्या वनस्पतीच्या सालीचा रस चुन्याने पिवळा होत असतो. तो निरोगी माणसाच्या हातीही तसाच होईल. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने बरी होते आणि श्रेय झाडणाऱ्यास मिळते. पुटीमुळे होणारी कावीळही उतरते, श्रेय पुन्हा त्यालाच मिळते, आणि पुटी मात्र तेथेच राहून वाढत असते.

म्हणून शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी एक खूण लक्षात ठेवावी. दूषित पाण्याची कावीळ एकाच मुलास पुनःपुन्हा होणे हे नेहमीचे नव्हे. ज्या मुलास, विशेषतः मुलीस, दुसऱ्यांदा कावीळ झाली, किंवा कावीळ असताना शौचाचा रंग पांढुरका व लघवीचा गडद झाला, किंवा जी मुलगी महिन्या-दोन महिन्यांनी पोट धरून वर्गाबाहेर बसते, तिची सोनोग्राफी करून घेण्यास पालकांना सांगावे. मुलींची पोटदुखी ही ‘वयात येण्याची’ किंवा शाळा चुकविण्याची समजली जाते, हा आपल्या घरांतील जुना दोष आहे. सोनोग्राफीस वेदना होत नाहीत, तीत क्ष-किरण वापरले जात नाहीत आणि जिल्हा रुग्णालयात ती होऊ शकते. पुटीचा संशय आल्यास एमआरआय यंत्रावर पित्तमार्गाचे चित्र घेतात. त्यावरून पुटीचा प्रकार व दोन नलिकांचा संगम दिसून येतो. नवजात बालकाची कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली व शी पांढुरकी असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. त्यामागे याहून तातडीचे विकारही असू शकतात.

प्रौढ वयात दुखणे सतत राहू लागणे, वजन उतरणे, काविळीने न उतरता वाढत जाणे आणि अंगास खाज सुटणे, ही पुटीत कर्करोग झाल्याची चिन्हे असू शकतात. ती दिसू लागेपर्यंत रोग बहुधा पुढे गेलेला असतो व तेव्हा शस्त्रक्रियेचा उपयोगही मर्यादित होतो. या कर्करोगाविरुद्ध खरा उपाय तो होण्यापूर्वीच करावयाचा असतो.

जुनी शस्त्रक्रिया व नवी शस्त्रक्रिया

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग येथे येतो, आणि तो केवळ इतिहासाचा नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, व अनेक ठिकाणी त्यानंतरही बरीच वर्षे, पुटीवर निचऱ्याची शस्त्रक्रिया केली जात असे. पुटी जागच्या जागी ठेवून तिला एक भोक पाडावयाचे आणि ते लगतच्या आतड्यास जोडून द्यावयाचे, म्हणजे साचलेले पित्त आतड्यात वाहून जाते. त्या काळातील शल्यचिकित्सकांना दोष देण्याचे कारण नाही. पुटीच्या मागे यकृताची मोठी रक्तवाहिनी असते. दाहामुळे सर्व काही एकमेकांस चिकटलेले असते. भूल व रक्त देण्याच्या सोयी आजच्यासारख्या नव्हत्या. संपूर्ण पुटी काढताना मूल दगावण्याची भीती खरी होती. निचऱ्याची शस्त्रक्रिया थोड्या वेळात होई, कावीळ काही दिवसांत उतरे आणि मूल हसत घरी जाई.

परंतु पुटी रिकामी करणे म्हणजे पुटी काढणे नव्हे. रोगट अस्तर पोटातच राहिले. एवढेच नव्हे, तर आतड्याशी जोडणी झाल्यामुळे आतड्यातील द्रव पुटीत येऊ लागला. स्वादुपिंडाच्या रसातील पाचक द्रव्ये आतड्यात पोहोचल्यावरच कार्यक्षम होतात. त्यांना जागे करणारे द्रव्य आतड्याच्या अस्तरात असते. निचऱ्यामुळे हे दोन्ही पुटीतच एकत्र येण्याची सोय झाली. अशा रुग्णांना पुढे वारंवार ताप, थंडी व कावीळ होऊ लागली, जोड आकसू लागला, खडे झाले. आणि काहींना पंधरा, वीस, तीस वर्षांनी, तेही इतर रुग्णांपेक्षा कमी वयात, कर्करोग झाल्याचे दिसून आले. हा अनुभव साठल्यावर १९७० नंतर जपानमध्ये व हळूहळू इतरत्र पुटी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया हीच योग्य मानली जाऊ लागली.

आजच्या शस्त्रक्रियेत पित्ताशय व यकृताबाहेरील फुगलेली संपूर्ण नलिका काढून टाकतात. खाली स्वादुपिंडाच्या रसाची वाट पित्तमार्गापासून कायमची तोडतात. नंतर लहान आतड्याची एक वेगळी केलेली शाखा वर आणून यकृतातून बाहेर पडणाऱ्या निरोगी नलिकेस जोडतात. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक सेझार रू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जोडणीचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. शाखा पुरेशी लांब ठेवल्यामुळे अन्न वर चढत नाही. अनुभवी बालशल्यचिकित्सकांच्या हाती ही शस्त्रक्रिया आज सुरक्षित आहे आणि अनेक केंद्रांत ती दुर्बिणीच्या साहाय्यानेही होते. मुलाचे पचन पुढे सामान्य राहते. पुटी आढळल्यावर ‘सध्या त्रास नाही, मोठी झाल्यावर पाहू’ असे म्हणून दिवस ढकलणे हे मात्र या विकारात सर्वस्वी अयोग्य आहे.

शस्त्रक्रियेने धोका पुष्कळ कमी होतो. शून्य होत नाही. स्वादुपिंडात शिरलेला नलिकेचा थोडा भाग किंवा यकृताच्या आतील फुगलेल्या नलिका मागे राहतात, आणि त्यांत, क्वचित जोडाच्या ठिकाणीही, दहा-वीस वर्षांनी कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी व यकृताच्या कार्याची रक्ततपासणी हा नियम आयुष्यभर पाळावयाचा असतो.

हरवलेले कागद

ज्यांच्यावर १९६०, १९७० किंवा १९८० च्या दशकात निचऱ्याची शस्त्रक्रिया झाली, ती मुले आज चाळिशी, पन्नाशी वा साठी ओलांडलेली माणसे आहेत. आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया असणार. पैकी कितीकांना आपल्या पोटात पुटी अजून शिल्लक आहे हे ठाऊक असेल? लहानपणी ‘पोटाचे मोठे ऑपरेशन’ झाले, एवढेच त्यांना सांगितलेले असते. लष्करातील मराठी घरांतून मुली इंदूर, नागपूर, पुणे, मुंबई येथे दिल्या गेल्या. कागद माहेरी पेटीत राहिले, पेटी भावांच्या वाटणीत कोठे गेली ते कोणास सांगता येत नाही. काही घरांत तर पोटावरील व्रणाची गोष्ट लग्न जुळविताना दडविली गेली आणि पुढेही दडलेलीच राहिली. लाज वाटावी असे त्यात काही नव्हते. पण त्या दडविण्याने आज तपासणारा डॉक्टर अंधारात राहतो.

ज्या स्त्री-पुरुषांच्या पोटावर बालपणीच्या शस्त्रक्रियेचा उभा किंवा उजव्या बरगडीखालचा आडवा व्रण आहे आणि त्या वेळी कावीळ होती असे घरातील वडीलधाऱ्यांस आठवते, त्यांनी त्रास नसला तरी एकदा सोनोग्राफी करून घ्यावी व डॉक्टरांस ही हकीकत आपण होऊन सांगावी. पुटी शिल्लक असल्याचे आढळल्यास ती प्रौढ वयातही काढता येते. माहेरी आई, मावशी, थोरली आत्या अजून असतील तर त्यांना आताच विचारून ठेवावे. कागद सापडल्यास त्याची छायाप्रत काढावी, कारण जुनी शाई फिकट होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काविळीच्या प्रत्येक प्रौढ रुग्णास ‘लहानपणी पोटाची शस्त्रक्रिया झाली होती काय?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

खर्चाच्या भीतीने तपासणी टाळण्याची आवश्यकता नाही. शाळा व अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास मुलाची तक्रार दाखवावी. हे पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढील रुग्णालयात पाठवू शकते. प्रौढ रुग्णांनी शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन जिल्हा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आयुष्मान भारत व महाराष्ट्रातील महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसंबंधी चौकशी करावी, आणि जाताना जुन्या शस्त्रक्रियेचा कागद, असल्यास, बरोबर न्यावा.